एक माणूस केव्हा वाढवावा?

(सिद्धेश्वर येथे पाणीवापर संस्थांचे पदाधिकारी, ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



पूर्णा नदीवरील ज्या धरणाच्या परिसरात आपण आज जमलो आहोत, ते १९६८ मध्ये पूर्ण झाले. वरच्या अंगाला असलेल्या येलदरी धरणातून सुटलेले पाणी येथे अडविले जाते आणि कालव्यांवाटे हिंगोली, परभणी व नांदेड जिल्ह्यांच्या शिवारांत पोहोचते. धरण उभे करावयास अभियंते लागले. परंतु तेथील पाणी शेवटच्या शेतापर्यंत न्यावयाचे तर पाटकरी लागतो. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन अधिनियमाने पाणी मोजून घेणे, सभासदांत त्याचे वाटप करणे, पाणीपट्टी वसूल करणे आणि चाऱ्यांची देखभाल करणे ही कामे पाणीवापर संस्थांकडे सोपविली. एक सचिव आणि एक पाटकरी एवढ्यावर संस्था सुरू होते. पुढे सभासद वाढतात, भिजणारे क्षेत्र वाढते आणि संचालक मंडळाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : आणखी एक माणूस घ्यावा काय?

या प्रश्नावर दोन टोकांची मते ऐकू येतात. काम वाढले की माणूस वाढवावा, असे एक पक्ष म्हणतो. पैसा नाही, आहे त्यातच भागवावे, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही मते अंदाजावर उभी असतात. शाळेच्या बाबतीत कायद्याने हा अंदाज दूर केला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्राथमिक वर्गांसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन आणि ९१ ते १२० पर्यंत चार, असे प्रमाण दिले आहे. संचमान्यतेचे तपशील पुढे बदलले, तरी त्यामागील तत्त्व ध्यानात घेण्याजोगे आहे : माणूस वाढविण्याचा टप्पा गरज कोसळण्यापूर्वी, शांतपणे आकड्यात ठरवून ठेवावा. छोट्या संस्थेसाठी असा तक्ता कोणी तयार करून देत नाही. तो तिने स्वतःच मांडावयाचा असतो.

तो मांडण्याची पहिली पायरी म्हणजे कामाचे माप. सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एका चारीवर रब्बीत चार पाणीपाळ्या होतात आणि प्रत्येक पाळी बारा दिवस चालते. पाणी रात्रंदिवस वाहते, पाटकरी मात्र एकच. दिवसभर राबलेला माणूस रात्री जागू शकत नाही. मग वरच्या अंगाची दारे रात्री उघडली जातात आणि शेवटच्या शेतकऱ्याचा गहू तहानेला राहतो. येथे दुसऱ्या माणसाची गरज खरी आहे. पण ती किती? चार गुणिले बारा, म्हणजे ४८ रात्री. ३६५ दिवस नव्हे. अशा संस्थेला वर्षभराचा नोकर नको, पाळीपुरता रात्रीचा राखणदार हवा. वर्षातील काही दिवसांची ओढ आणि बारमाही ओझे यांतील फरक नोंदवहीवाचून कळत नाही. म्हणून निर्णयापूर्वी निदान एक हंगाम कामाचे तास, आलेल्या तक्रारी आणि राहून गेलेली कामे लिहून ठेवावीत.

दुसरी पायरी अशी की, जे काम माणसाने सुटणारे नाही, त्यासाठी माणूस घेऊ नये. दार मोडके असेल, पाळीपत्रक लावलेले नसेल, पाणी मोजलेच जात नसेल, तर दुसरा पाटकरी आल्याने भांडण थांबत नाही. भांडणास आणखी एक साक्षीदार मात्र मिळतो. इंग्लंडमधील लेखक पार्किन्सन याने १९५५ मध्ये ब्रिटिश आरमाराचे उदाहरण दिले होते. १९१४ ते १९२८ या काळात तेथील मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या. मुख्य कचेरीतील अधिकारी मात्र २,००० वरून ३,५६९ झाले. काम घटले तरी कचेरी वाढू शकते, हा त्याचा इशारा पंचायतीच्या दप्तरालाही लागू पडतो.

याउलट, आपल्याच महाराष्ट्रात धुळे जिल्ह्यातील पांझरा खोऱ्याच्या फड पद्धतीत माणसे कामावरून ठरत. पाटातील पाणी सांभाळणारा पाटकरी वेगळा, पिकाला प्रत्यक्ष पाणी देणारा बारेकरी वेगळा, पिकाची राखण करणारा जागल्या वेगळा. प्रत्येकाचे काम ठरलेले होते. ‘हा माणूस नेमके काय करील?’ या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत लिहिता आले नाही, तर नेमणूक पुढे ढकलावी.

तिसरी पायरी पैशाची. ग्रामपंचायतीच्या सेवकवर्गावरील खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन सदस्यांना परिचित आहे. पाणीवापर संस्थेने याहून एक पाऊल पुढे जाऊन विचार करावा. येलदरीत पाणी नसेल, तर सिद्धेश्वरचा कालवाही कोरडा राहतो. २०१५-१६ चा तीव्र दुष्काळ मराठवाडा विसरलेला नाही. अशा वर्षी पाणी नाही, म्हणून पाणीपट्टी नाही. कायम सेवकाचे वेतन मात्र दरमहा द्यावेच लागते. म्हणून कायम नेमणूक करताना भरभराटीच्या वर्षाची वसुली धरू नये, गेल्या काही वर्षांतील सर्वांत कमी वसुली धरावी. त्या वसुलीतून किमान वेतन भागत असेल, तर नेमणूक निःशंकपणे करावी. भागत नसेल, तर हंगामी माणूस घ्यावा, अथवा शेजारच्या संस्थेशी भागीदारीत एकच माणूस ठेवावा. अर्ध्या पगारावर पूर्ण काम करून घेणे हा मात्र काटकसरीचा मार्ग नव्हे.

शेवटचा मुद्दा वेळेचा. फ्रेडरिक ब्रूक्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९७५ मध्ये असे दाखविले की, रखडलेल्या कामावर ऐनवेळी माणसे वाढविली, तर ते अधिकच रखडते. कारण जुन्या माणसांचा वेळ नव्यांना शिकविण्यात जातो. पाळी सुरू असताना आणलेल्या नव्या पाटकऱ्याचीही हीच गत होते. त्याला ना दारे ठाऊक, ना बांध, ना माणसे. आपल्याकडे १५ ऑक्टोबरचा जलसाठा पाहून पुढील हंगामाच्या सिंचनाचे नियोजन होते. माणसाचाही निर्णय त्याच वेळी घ्यावा, जागेची जाहीर सूचना लावावी आणि पहिल्या पाळीपूर्वी त्याला संपूर्ण चारी पायी दाखवावी. अध्यक्षांचा नातेवाईक हीच पात्रता ठरली, तर त्याचे ऐकणार कोण?

काटकसरीचीही एक मर्यादा असते. माणूस कमी पडल्याचा तोटा सर्वांना सारखा होत नाही. वरच्या अंगाचा शेतकरी, पहिल्या बाकावरचा विद्यार्थी, पंचायतीच्या कचेरीजवळ राहणारा नागरिक यांचे काम कसेबसे होतेच. चारीच्या शेवटचा, मागच्या बाकावरचा, दूरच्या वस्तीवरचा माणूस मात्र वंचित राहतो. आणि तो बहुधा बैठकीला आलेला नसतो. तेव्हा आपल्या तक्त्यात एक रकाना त्याच्या नावाचा असावा. पाळीपत्रक नीट आहे, दारे दुरुस्त आहेत, पाटकरी प्रामाणिकपणे राबतो आहे, आणि तरीही लागोपाठ दोन पाळ्यांत शेवटच्या शेताला पाणी मिळाले नाही, तर माणूस वाढविण्याची वेळ आली असे समजावे. त्यानंतरचा विलंब काटकसर ठरत नाही. त्याची किंमत शेवटचा शेतकरी आपल्या पिकाने मोजत असतो.

येत्या बैठकीस जाताना आपण ही नोंदवही सोबत न्यावी, एवढीच विनंती.