ऊतिखुणा आणि स्नायुदाह : संभव म्हणजे भाकीत नव्हे
(वार्षिक सर्वसाधारण सभेत दिलेले व्याख्यान)



मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणापूर्वी दाता व रुग्ण यांच्या ऊतिखुणा जुळवून पाहतात, हे आपणांस ठाऊक आहेच. पेशींच्या पृष्ठभागावरील या प्रथिनांना ‘एचएलए’ म्हणतात. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात. फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ दोसे यांनी १९५८ मध्ये अशी पहिली खूण ओळखली. १९८० च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. आपले कोण व परके कोण, याची पारख रोगप्रतिकारक पेशी या प्रथिनांच्या साहाय्याने करतात. ती चुकली की शरीर स्वतःवरच उलटते. पॉलिमायोसायटिस व डर्मॅटोमायोसायटिस या विकारांत हा आघात स्नायूंवर होतो.

युरोपीय वंशाच्या रुग्णांत ‘बी ८’ आणि ‘डीआर ३’ या खुणा निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक प्रमाणात आढळतात. मात्र त्या असणाऱ्या बहुसंख्य लोकांना हा विकार कधीच होत नाही. शिवाय युरोपात या जोडीसोबत सामान्यतः ‘ए १’ ही खूण असते, तर भारतीयांत बहुधा ‘ए २६’. म्हणून तिकडचे निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

बाह्य कारणांचाही यात वाटा असतो. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्या क्वचित एखाद्या रुग्णात, औषध थांबविल्यावरही स्नायूंचा नाश चालूच राहतो. अशा रुग्णांत ‘डीआरबी १*११:०१’ ही खूण अधिक आढळते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. तथापि या भीतीने कोणीही स्टॅटिन परस्पर बंद करू नये.

“माझ्या मुलीलाही हा आजार होईल का?” असे रुग्ण विचारतात. एकाच कुटुंबात दोघांना हा विकार होणे विरळाच. त्यासाठी निरोगी मुलांच्या ऊतिखुणा तपासण्याचा खर्च करू नये, असे आम्ही सांगतो. निदान होते ते लक्षणे, रक्तातील सीपीके व प्रतिपिंडे, आणि गरजेनुसार स्नायूच्या तुकड्याची तपासणी यांवरून.

जमिनीवरून उठताना आधार लागणे, जिना चढवेनासा होणे, केस विंचरताना हात गळून पडणे, ही लक्षणे काही आठवड्यांत वाढू लागली तर ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्ष करू नये. घास गिळताना ठसका लागत असेल तर मुळीच विलंब नको. स्टेरॉइड व अन्य औषधांनी पुष्कळ रुग्णांची शक्ती सुधारते. परंतु एकदा झिजून गेलेला स्नायू पूर्ववत होणे कठीण असते. ऊतिखुणा आपल्या हाती नाहीत. वेळेवर उपचार घेणे मात्र आहे. हा संदेश आपण घरोघरी पोहोचवावा, अशी आमची नम्र विनंती आहे.