नव्या मत्स्यपेटीतील पहिले सहा आठवडे

गोदावरीच्या काठी वसलेल्या नाशिक शहराला नदी आणि कुंडे यांचा सहवास शतकानुशतकांचा आहे. घरातील काचेच्या पेटीत शोभेचे मासे पाळण्याची हौस मात्र त्या मानाने अलीकडची. मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. तेथे काचेआडचे मासे पाहिलेल्या मराठी कुटुंबांतील पुढच्या पिढ्यांनी ती हौस आपल्या दिवाणखान्यात आणली. आज नाशिकच्या वसाहतींतून अशा पेट्या सर्रास दिसतात.

परंतु या हौसेला लागलेले एक ग्रहणही तितकेच परिचयाचे आहे. पेटी येते, त्याच दिवशी मासे येतात, मुले हरखून जातात. चार-पाच दिवसांनी पहिला मासा उताणा तरंगताना दिसतो, मग दुसरा, मग तिसरा. उरलेल्यांपैकी एखादा दांडगा मासा बाकीच्यांना कोपऱ्यात कोंडतो, त्यांचे पर कुरतडतो. कोणी दुकानदाराला दोष देतो, कोणी नशिबाला. एखादे कुटुंब पेटी रिकामी करून माळ्यावर टाकते.

वास्तविक हे दोन्ही प्रकार एकाच चुकीतून उद्भवतात. पेटीतील पाणी तयार होण्यापूर्वी आणि पेटीच्या मगदुराबाहेर मासे सोडणे, ही ती चूक होय. तिची कारणे समजून घेतल्यास बहुतेक मृत्यू टाळता येतात आणि त्यासाठी फारसा खर्चही येत नाही.

स्वच्छ दिसणारे विषारी पाणी

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, त्याच पाण्यात उत्सर्गही करतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडत असतो. उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत तो वाहून जातो व विरळ होतो. पेटीत मात्र तो साचतो. पाणी आरशासारखे नितळ दिसत असते, म्हणून संशय येत नाही.

एक साधा हिशोब पुरेसा बोलका आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत वाळू व दगड वजा जाता सुमारे ५० लिटर पाणी मावते. माशांच्या तयार खाद्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात व प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असते. म्हणजे एक ग्रॅम खाद्यात ६४ मिलिग्रॅम नत्र आले. त्याचा निम्मा भाग जरी अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरला, तरी एका दिवसात दर लिटरला सुमारे ०.६ मिलिग्रॅम भर पडते. पाण्याचा सामू ८ व तापमान २५ अंश सेल्सिअस असेल, तर यापैकी सुमारे पाच टक्के अमोनिया मुक्त, म्हणजे अत्यंत विषारी रूपात असतो. दर लिटरला ०.०२ मिलिग्रॅम मुक्त अमोनिया ही धोक्याची पातळी धरली, तर ती पहिल्याच दिवशी ओलांडली जाते. सामू ७ असेल, तर मुक्त अमोनियाचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी राहते. बेसाल्ट खडकातून झिरपलेले विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी बहुधा जड व किंचित अल्कधर्मी असते. असे पाणी वापरणाऱ्याने म्हणूनच अधिक सावध असले पाहिजे.

न दिसणारे सफाई कामगार

मग जुन्या पेट्यांतील मासे वर्षानुवर्षे जगतात कसे? याचे उत्तर जिवाणूंत आहे. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मासे, पाणवनस्पती व गोगलगायी यांचा समतोल साधला, तर पाणी दीर्घकाळ निरोगी राहते, हे दाखवून दिले. त्यांचेच पुत्र, तेही रॉबर्ट वॉरिंग्टन, यांनी पुढे रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करताना अमोनियाचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर दोन टप्प्यांत घडते, हे सिद्ध करण्यास मोठा हातभार लावला. हे काम करणारे जिवाणू १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी वेगळे करून दाखविले. पिता पेटीकडे पाहत होता आणि पुत्र शेतातील मातीकडे, पण दोघांच्या निरीक्षणांमागे निसर्गाचे एकच चक्र होते.

नाशिकच्या द्राक्ष व कांदा उत्पादकांना हे चक्र अनोळखी नाही. पिकाला दिलेल्या अमोनियम सल्फेटचे नायट्रेटमध्ये रूपांतर जमिनीतील अशाच प्रकारच्या जिवाणूंकडून होते. पेटीतील जिवाणूंचा एक गट अमोनियापासून नायट्राइट बनवितो, दुसरा नायट्राइटपासून नायट्रेट बनवितो. यांपैकी पहिले दोन पदार्थ माशांना घातक असतात, तर नायट्रेट बेताच्या प्रमाणात निरुपद्रवी असतो आणि पाणवनस्पतींना खत म्हणून उपयोगी पडतो.

हे जिवाणू गाळणीतील स्पंज, वाळू व दगड यांच्या पृष्ठभागावर वस्ती करतात. त्यांची वाढ मंद असते. पुरेशी वस्ती होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. थंडीत त्याहून अधिक काळ लागू शकतो. नवी पेटी धोक्याची असते, ती याच कारणाने. जुन्या, निरोगी पेटीतील स्पंजाचा तुकडा वा मूठभर वाळू नव्या पेटीत टाकल्यास हा काळ बराच कमी होतो. दह्याला विरजण लागते, तसेच हे.

मृत्यूची वेळ काय सांगते?

मासा केव्हा मेला, यावरून कारणाचा माग बऱ्याच अंशी काढता येतो.

सोडल्यापासून काही तासांतच मासे मेले, तर संशय क्लोरीनवर अथवा पाण्याच्या तापमानातील फरकावर घ्यावा. शहराला गंगापूर धरणातून येणारे पाणी शुद्धीकरणानंतर क्लोरीन मिसळून घरोघरी पोहोचते. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शेष क्लोरीन असावा, असे भारतीय मानक सांगते. माणसाचे रक्षण करणारा हा क्लोरीन माशांच्या नाजूक कल्ल्यांना मात्र भाजून काढतो. नळाचे पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावे, अथवा त्यात सोडियम थायोसल्फेट, म्हणजे छायाचित्रकारांचा हायपो, अल्प प्रमाणात घालावा. दुकानातून आणलेली पिशवी पेटीतील पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवावी व तिच्यात पेटीचे पाणी थोडे थोडे मिसळून मगच मासे सोडावेत.

तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान मासे सुस्त होऊन तळाशी बसू लागले, कल्ले लालभडक दिसू लागले, तर कारण बहुधा अमोनिया असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हवेचा पंप चालू असतानाही मासे धापा टाकू लागले व कल्ले तपकिरी दिसू लागले, तर नायट्राइटचा संशय घ्यावा. नायट्राइटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. दर लिटरला अर्धा ग्रॅम साधे खडे मीठ विरघळवून दिल्यास त्याचा घातकपणा तात्पुरता कमी होतो. तथापि अमोनिया असो वा नायट्राइट, मुख्य उपाय एकच आहे. क्लोरीनरहित, त्याच तापमानाचे पाणी घेऊन पेटीतील तिसरा हिस्सा ते निम्मे पाणी लगेच बदलावे आणि एक-दोन दिवस खाद्य बंद ठेवावे. निरोगी मासा तेवढ्या उपवासाने मरत नाही. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे छोटे संच शोभिवंत माशांच्या दुकानांत मिळतात. अंदाजापेक्षा ती तपासणी कितीतरी खात्रीची असते.

उन्हाळ्यात पहाटेच्या वेळी मासे पृष्ठभागाशी तोंड आणून गिळंकृत केल्यासारखी हवा घेत असतील, तर प्राणवायू कमी पडला आहे. २० अंश तापमानाच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. शिवाय वनस्पतीही रात्री प्राणवायू वापरतात. याउलट, नाशिकचा हिवाळा कडक असतो आणि जानेवारीत किमान तापमान पुष्कळदा १० अंशांखाली उतरते. उष्ण प्रदेशातील बहुतेक शोभिवंत माशांना २४ ते २८ अंश तापमान मानवते. थंडीने अशक्त झालेल्या माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. हा परोपजीवीमुळे होणारा संसर्गजन्य रोग होय. दर लिटरला सुमारे एक वॅट या हिशोबाने तापमान नियंत्रित करणारा हीटर बसविल्यास त्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

सद्हेतूने केलेली हानी

काही मृत्यू काळजीपोटी ओढवतात. पेटी घाण झाली म्हणून सर्व पाणी फेकून देणे, वाळू उकळणे, गाळणीचा स्पंज नळाखाली खळखळून धुणे, या गोष्टींनी जिवाणूंची वस्ती नष्ट होते व पेटी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. स्पंज पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. दर आठवड्याला पाण्याचा पाचवा हिस्सा बदलावा. रोगाचे निदान न करता पाण्यात प्रतिजैविके टाकणे तर दुहेरी नुकसानीचे आहे, कारण त्यांनी उपयुक्त जिवाणूही मरू शकतात. वीजपुरवठा बराच वेळ खंडित झाल्यास बंद गाळणीतील जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात. अशा वेळी स्पंज काढून पेटीतील पाण्यात मोकळा ठेवावा. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरी असणे केव्हाही श्रेयस्कर.

दांडगाईचे मूळ

आता दांडगाईचा प्रश्न. मारकुट्या माशाला दुष्ट ठरविण्याचे कारण नाही. निको टिनबर्गन यांनी स्टिकलबॅक या छोट्या माशाचा अभ्यास करून दाखविले, की विणीच्या काळात लाल पोटाचा दुसरा नर दिसताच नर त्याच्यावर हल्ला करतो. लाल रंग लावलेल्या ओबडधोबड प्रतिकृतीवरही तो तुटून पडतो. प्राणिवर्तनाच्या अशा अभ्यासाबद्दल टिनबर्गन, कॉनराड लोरेंझ व कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. स्वतःची हद्द राखणे ही अनेक माशांची उपजत प्रवृत्ती आहे. नदीत हरलेला मासा पळून जातो आणि भांडण मिटते. पेटीत पळायला जागाच नसते. एरवी क्षणभरात संपणारी झटापट तेथे दिवसरात्र चालते. छळ सोसणारा मासा खात नाही, अशक्त होतो व अखेर रोगाला बळी पडतो. मृत्यूचे कारण म्हणून मग रोगाचे नाव पुढे येते.

याचा इलाज निवडीपासून सुरू होतो. फायटर जातीचे दोन नर एका पेटीत कधीही ठेवू नयेत. टायगर बार्ब दोन-तीनच असले, तर इतरांचे पर कुरतडतात. आठ-दहांचा थवा असला, म्हणजे त्यांची चढाओढ बहुतांशी आपसांत राहते. गप्पींत एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात, अन्यथा नर मादीला पाठलागाने थकवितात. एंजल लहान असताना शांत वाटतात, पण जोडी जमली की कोपरा बळकावतात आणि छोटे टेट्रा गिळूही शकतात. ऑस्कर व फ्लॉवरहॉर्न हे मोठे होणारे, मारकुटे मासे. दोन फुटांची पेटी त्यांच्यासाठी नव्हेच. सोनमाशाला थंड पाणी मानवते व तो घाणही पुष्कळ करतो, म्हणून त्याला उष्ण पाण्यातील माशांत मिसळू नये.

भांडण सुरू झालेच, तर दगड व वनस्पतींची मांडणी बदलावी. जुन्या हद्दी पुसल्या जातात व सर्वांनाच नव्याने सुरुवात करावी लागते. करवंटीचा अर्धा भाग, मातीचे छोटे मडके, दाट वनस्पती यांचे आडोसे करावेत. एकमेकांची नजर चुकविता आली, की पाठलाग थांबतो. नवा मासा दिवा मालवल्यावर सोडावा. दांडग्या माशाला आठवडाभर वेगळ्या पेटीत ठेवून परत आणल्यास, तो नवखा ठरतो व त्याचा तोरा पुष्कळदा उतरतो. एवढे करूनही छळ थांबला नाही, तर त्याची कायमची वेगळी सोय करणे हेच योग्य.

नकोसा मासा नदीत नको

येथे एका गंभीर धोक्याकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. नकोसा झालेला मासा पुण्य समजून गोदावरीत किंवा दारणेत सोडण्याचा मोह अनेकांना होतो. पेटीतील शेवाळ खाणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा फूट-दीड फूट वाढतो. उजनी जलाशयात तो मोठ्या संख्येने आढळू लागल्याने तेथील मच्छीमारांची जाळी व उत्पन्न या दोहोंवर संकट आले आहे. नाशिकच्या नद्यांना त्यांचे स्वतःचे धन आहे. देवळालीनजीक दारणा नदीत सापडलेल्या पॅरासिलोऱ्हिंकस प्रेटेरी या चिमुकल्या माशाची नोंद होरा व मिश्र या शास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये केली, आणि आज त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते. अशा जलचरांच्या घरात परका दांडगा घुसविणे म्हणजे पेटीतील छळ नदीत नेण्यासारखे आहे. नकोसा मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी पेटी असणाऱ्या हौशी व्यक्तीकडे सोपवावा.

श्रोत्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की मत्स्यपालनाच्या हौसेत पैशापेक्षा धीराची गरज अधिक आहे. पेटी भरल्यावर गाळणी चालू करून चिमूटभर खाद्य रोज टाकावे, अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याची खात्री करावी, उरलेले घाण पाणी बरेचसे बदलावे आणि मगच तीन-चार काटक मासे आणावेत. पुढील मासे पंधरा पंधरा दिवसांच्या अंतराने, पेटीला झेपतील तेवढेच. घरातील मुलांनी या रिकाम्या पेटीचे पाणी दर दोन दिवसांनी तपासून वहीत आकडे लिहिले, तर निसर्गाचे एक मोठे चक्र त्यांच्या डोळ्यांदेखत पूर्ण होईल. त्यानंतर येणारा मासा त्या घरात जगण्यासाठी येईल.