गुडघा दुखतोय, साहेब

मी रायपूरच्या समता कॉलोनीतून बोलतोय. फौजेतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण बोलणं अजून हुकूम सोडल्यासारखंच निघतं. सांभाळून घ्या.

१३ मार्च २०२१. आमच्या नवा रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर जुन्या खेळाडूंची स्पर्धा चालू होती. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध युवराज सिंगने एकाच षटकात ओळीने चार षटकार मारले. घरात नुसता कल्ला. मला मात्र दहा वर्षांपूर्वीची मॅच आठवत होती. २० मार्च २०११, चेन्नई, वर्ल्ड कप. हाच माणूस मैदानावर ओकत होता आणि खेळत होता. ११३ धावा काढल्या, वर दोन बळी. आपण सगळे म्हणालो, चेन्नईचा उकाडा! मीही म्हणालो, याला म्हणतात जवान.

त्या स्पर्धेत ३६२ धावा, १५ बळी आणि मालिकावीराचा मान. २ एप्रिलला वानखेडेवर कप उचलला. आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये बातमी आली की दोन फुप्फुसांच्या मधे कॅन्सरची गाठ आहे. वय तीस.

उपचार अमेरिकेत इंडियानापोलिसला, डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांच्याकडे झाले. हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. युवराजला झाला त्या जातीचा कॅन्सर अंगभर पसरला की पूर्वी क्वचितच कोणी वाचायचं. १९७४ मध्ये आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिन हे प्लॅटिनमपासून बनलेलं औषध दुसऱ्या औषधांच्या जोडीने द्यायला सुरुवात केली, आणि बहुतेक रुग्ण बरे होऊ लागले. युवराजने केमोचे तीन टप्पे पूर्ण केले, केस गेले. ११ सप्टेंबर २०१२ ला तो पुन्हा भारताकडून उतरला, तेही चेन्नईतच. २०१७ मध्ये कटकला इंग्लंडविरुद्ध १५०. वनडेतली त्याची सर्वात मोठी खेळी आजारानंतरची आहे.

आता ज्यासाठी बोलायला बसलो ते सांगतो. हे मी फार जणांना सांगितलेलं नाही.

मी कंपनी कमांडर असताना माझ्याकडे एक पोरगा होता. चारशे मीटर पळायचा. पुढे सर्व्हिसेसच्या टीमकडून पळेल अशी आम्हा सगळ्यांना खात्री होती. एक दिवस म्हणाला, "गुडघा दुखतोय, साहेब." मी म्हणालो, "पळतोस तर दुखणारच. बाम चोळ." त्याने चोळला. सहा आठवडे चोळला. रात्री झोपेतून उठून बसायचा, हे मला त्याच्या शेजारच्या खाटेवाल्याने नंतर सांगितलं. एक्स-रे काढला तेव्हा हाडाचा कॅन्सर निघाला. पाय मांडीतून काढला, पण तोवर तो फुप्फुसात पोचला होता. तो एकवीस वर्षांचा झाला नाही.

सहा आठवडे आधी पाठवला असता तर वाचला असता का? कोणी सांगू शकत नाही. मी विचारायचं थांबलेलो नाही.

कॅनडाच्या टेरी फॉक्सचं असंच झालं. बास्केटबॉल खेळणारा पोरगा, गुडघा दुखायचा, पण म्हणाला आधी हंगाम संपू दे. मार्च १९७७ मध्ये अठराव्या वर्षी त्याचा पाय गुडघ्याच्या वरून गेला. १२ एप्रिल १९८० ला कृत्रिम पायावर तो देश ओलांडायला निघाला, कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवायला. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन! मग आजार फुप्फुसात निघाला आणि थांबावं लागलं. जून १९८१ मध्ये तो गेला, बाविसाव्या वर्षी. पण त्याआधी देशाच्या माणशी एक डॉलर, असे दोन कोटी चाळीस लाख डॉलर जमले होते.

हा हाडाचा कॅन्सर वाढत्या वयातल्या मुलांना जास्त होतो, आणि बहुधा गुडघ्याच्या आसपासच. खेळाची दुखापत विश्रांतीने उतरते. हे दुखणं बसल्या जागीही राहतं, रात्री जागवतं, सूज हटत नाही. म्हणून सकाळी मैदानावर पळणाऱ्या कॉलोनीतल्या पोरांना मी एकच विचारतो, "रात्री दुखतं का रे?"

मागच्या महिन्यात एक मुलगी "हो" म्हणाली. मी तिच्या घरी जाऊन एक्स-रे काढायला लावला. काही निघालं नाही. तिची आई फोनवर म्हणाली, "काका, आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नाही आमच्या, तुमच्यामुळे!"

मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पोरगी मैदानावर आली होती.