पोटगीच्या अर्जात मुलाचे नाव

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी वकील नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर प्राथमिक शाळेत मुलांना शिकविले, एवढीच माझी योग्यता. तरीही आज कायद्याच्या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, कारण या बाबतीत माझ्या हातून एक प्रमाद घडलेला आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आपल्या ज्ञातीतील एका दांपत्याचा बेबनाव मिटविण्यासाठी चार वडीलधाऱ्यांची बैठक भरली. ‘गुरुजी’ म्हणून मलाही आदराने पाचारण करण्यात आले. नवऱ्याने भांडी व दागिने परत द्यावे, बाईने पोटगीवरील हक्क सोडावा, मूल आईकडे राहावे, असे ठरले. कागद माझ्याच हस्ताक्षरात लिहिला गेला. तंटा कोर्टकचेरीवाचून मिटला याचा आम्हांस केवढा आनंद!

पुढे तोच मुलगा माझ्या वर्गात आला. सहलीची वर्गणी मागितली की तो मान खाली घालून बसे. हुशार असूनही दहावीच्या आतच त्याने शाळा सोडली. त्या कागदावर नवऱ्याची सही होती, बायकोची होती, आम्हा पंचांची होती. ज्याच्या दुधाचा आणि पुस्तकांचा प्रश्न होता, त्याच्या वतीने मात्र कोणीच बोलले नव्हते.

निवृत्तीनंतर मी या कायद्याची चौकशी केली, तेव्हा माझे अज्ञान मला कळले. पोटगीचा हक्क पत्नीला आहे, तसाच तो मुलालाही स्वतंत्रपणे आहे. आईने आपला हक्क सोडला म्हणून मुलाचा हक्क बुडत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ या बाबतीत लागू होते. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे. मूल औरस असो वा अनौरस, त्याच्या पोषणाची जबाबदारी ऐपतदार पित्याला टाळता येत नाही. महिन्याच्या रकमेवरील कायद्याची मर्यादाही २००१ सालीच उठली आहे. अविवाहित कन्येला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल, तर सज्ञान झाल्यावरही १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यान्वये ती पित्याकडे निर्वाह मागू शकते.

अज्ञान मुलाला स्वतः न्यायालयात उभे राहता येत नाही. त्याच्या वतीने आई किंवा पालक अर्ज करतात. म्हणून माता-भगिनींना माझी विनंती आहे की, अर्जात आपल्या नावाखाली प्रत्येक मुलाचे नाव अर्जदार म्हणून घालावे. नाव राहून गेले असल्यास मुलाच्या वतीने निराळा अर्ज करता येतो. नवऱ्याच्या गावी खेटे घालण्याचीही गरज नाही. आपण राहतो तेथील न्यायालयात अर्ज चालतो. वकिलाच्या फीची धास्ती असेल, तर १९८७ च्या कायद्याने स्त्रिया व मुले यांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत जावे. निकालाला विलंब लागला तरी धीर सोडू नये. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र अर्जच केला नाही, तर ती तारीख उगवणार कोठून?

समेट घडविणे हे पुण्यकर्म आहे, ते आपण अवश्य करावे. परंतु ज्या समेटाची किंमत तान्ह्या लेकराने मोजावी, त्याला समेट कसे म्हणावे? यापुढे आपल्या मंडळाच्या बैठकीत कोणताही कागद लिहिण्यापूर्वी अध्यक्षांनी एकच प्रश्न विचारावा : “मुलाचे काय ठरले?” उत्तर मिळेपर्यंत लेखणी उचलू नये.

तो मुलगा आज कर्ता झाला आहे. रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो. आशीर्वाद देताना माझा हात अडखळतो. आपणांपैकी कोणावर ही वेळ न येवो, एवढे मागून मी आपली रजा घेतो.