रायझोबियमची खरी ओळख
(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



सोयाबीन पेरण्यापूर्वी आपण १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम जिवाणू संवर्धक चोळता. पाकिटावर जिवाणूचे नाव छापलेले असते, बहुधा ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम. हे नाव ठरवतात कसे, आणि त्यावरून काय कळते व काय कळत नाही, ते आज पाहू. विषय प्रयोगशाळेचा वाटला तरी त्याचा संबंध आपल्या युरियाच्या गोणीशी आहे.

पूर्वी जिवाणू काचेच्या बशीत वाढवून त्यांचा रंग, चिकटपणा आणि वाढीचा वेग पाहत. सोयाबीनच्या गाठींतील बहुतेक जिवाणू सावकाश वाढतात, म्हणून १९८२ मध्ये त्यांची ब्रॅडीरायझोबियम ही वेगळी प्रजाती केली गेली. ‘ब्रॅडी’ म्हणजे सावकाश. परंतु या प्रजातीतील जाती डोळ्यांनी वेगळ्या करणे अवघडच. बशीत सगळ्यांचे सारखेच पांढरे बारीक ठिपके!

पुढे जनुक वाचण्याचे तंत्र आले. प्रत्येक जिवाणूत १६-एस नावाचे, सुमारे १,५०० अक्षरांचे एक जनुक असते. ते वाचून नोंदीतील इतर जिवाणूंशी ताडून पाहतात. यावरून प्रजाती छान कळते. जवळच्या जाती मात्र कळत नाहीत, कारण ब्रॅडीरायझोबियमच्या कित्येक जातींत हे जनुक जवळजवळ तंतोतंत सारखे असते. भाऊबंदांचे आडनाव एकच असते. पूर्ण नाव आणि गट नंबर पाहिल्याशिवाय सातबारा कोणाचा ते कळत नाही, तसेच हे. म्हणून एकाच जनुकावर न थांबता जिवाणूच्या रोजच्या जगण्यास लागणारी आणखी चार-पाच जनुके वाचतात. आता तर संपूर्ण जनुकसंच वाचून ताडता येतो. साधारण ९५ ते ९६ टक्के साम्य असेल तर जात एकच मानतात.

यू.एस.डी.ए. ११० हा सोयाबीनचा प्रसिद्ध जिवाणू. त्याचा सुमारे ९१ लाख अक्षरांचा जनुकसंच जपानमध्ये २००२ साली वाचून झाला. तो वर्षानुवर्षे जॅपोनिकम म्हणूनच ओळखला जाई. अनेक जनुके ताडल्यावर २०१३ मध्ये त्याची डायझोएफिशियन्स ही स्वतंत्र जात ठरली. १९९२ मध्ये वेगळी काढलेली एल्कानी ही त्याची चुलत बहीण. तिचे काही वाण एक विषारी द्रव्य तयार करतात आणि त्यामुळे सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडतात. तेव्हा नावातला फरक केवळ कागदावरचा नाही.

पण जात बरोबर ओळखली तरी काम संपत नाही. गाठी करण्याची जनुके काही जिवाणूंमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात बायसेरुला नावाचे चाऱ्याचे द्विदल पीक नव्याने आणले, सोबत त्याचे चांगले जिवाणूही दिले. सहा वर्षांतच तिथल्या मातीतील इतर जिवाणूंनी ती जनुके उचलली आणि तेही गाठी करू लागले. त्यांतले बरेच नत्र मात्र नीट स्थिर करत नव्हते. फुकटचे पाहुणे म्हणा ना! १६-एस वाचून अशा जिवाणूचे घराणे कळेल, पण तो कोणत्या पिकावर गाठी करील ते कळणार नाही. त्यासाठी गाठी करणारे नॉड-सी हे जनुक वेगळे वाचावे लागते, आणि तो नत्र किती देतो हे अखेर झाडावरच तपासावे लागते.

ही शेवटची तपासणी आपल्या हातात आहे. पीक ४० ते ४५ दिवसांचे झाले की शेतात पाच-सहा ठिकाणची झाडे खुरप्याने मातीसह काढा. उपटू नका, गाठी तुटून मातीत राहतात. मुळे पाण्यात हलकेच धुवा आणि गाठ नखाने चिरा. आत गुलाबी किंवा लालसर दिसले तर जिवाणू काम करत आहेत. पांढऱ्या वा हिरवट गाठी कितीही असल्या तरी त्यांचा उपयोग नाही. युरिया जास्त दिला असेल तरीही गाठी कमी येतात, हे लक्षात घ्या.

बहुतेक गाठी पांढऱ्या निघाल्या तर मुळांसकट दोन-चार झाडे ओल्या फडक्यात गुंडाळून, पाकिटासह कृषी विज्ञान केंद्रात न्या. म्हणून पेरणीनंतर रिकामे पाकीट फेकू नका. त्यावर पिकाचे नाव, तुकडी क्रमांक आणि अंतिम तारीख असते. हरभऱ्याचे पाकीट सोयाबीनला चालत नाही. आणि बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, रायझोबियम सर्वांत शेवटी, व बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरा.