आमचें गांव बल्लारपूर



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपल्या गांवाविषयीं चार शब्द बोलावे, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. काम कठीण आहे. चंद्रपूरचा वक्ता आपला परकोट दाखवील, महाकालीचें देऊळ दाखवील. भद्रावतीचा वक्ता लेणीं दाखवील. बल्लारपूरच्या वक्त्यानें काय दाखवावें? वर्धा नदीच्या कांठचा जुना किल्ला, आणि आगगाड्यांचें वेळापत्रक!

गोंडराजा खांडक्या बल्लाळशहा यानें येथें राजधानी केली, असें सांगतात. पुढें तो शिकारीस गेला असतां झरपट नदीच्या पाण्यानें त्याच्या अंगावरील खांडकें बरीं झालीं, आणि त्याच परिसरांत एक ससा कुत्र्याच्या पाठीस लागलेला त्यानें पाहिला, अशी दंतकथा आहे. तेवढ्यावरून महाराजांनीं राजधानी १५ किलोमीटरांवर हलविली, तेंच चंद्रपूर. म्हणजे आमचें गांव वसविणारा पुरुषच तें सोडून जाणारा पहिला पुरुष ठरला!

तेव्हांपासून हा क्रम चालूच आहे. १९२९ सालीं काझीपेठेचा लोहमार्ग जोडला गेला आणि दिल्ली-मद्रासची वाट आमच्या दारावरून गेली. देशभर नांव झालें, पण स्टेशनावरील पाटीचें, ‘बल्लारशाह’ असें. असंख्य प्रवाशांनीं आमचें गांव पाहिलें आहे, परंतु अर्धवट झोपेंत. २०१८ सालीं सुंदर स्टेशनांच्या स्पर्धेंत पहिलें बक्षीस मिळालें. तें चंद्रपूरच्या स्टेशनाबरोबर वांटून घ्यावें लागलें. संत थॉमस यांचें कॅथीड्रल आमच्या गांवीं. १९७७ सालीं धर्मप्रांताची पदवी मिळाली तेव्हां नांव मात्र ‘चांदा’!

कागदाचेंही तेंच. रानांतील बांबू व लांकूड शिजवून येथें लगदा होई, तेव्हां गंधकाचा उग्र वास सुटे. पाहुणे नाक धरीत. आम्हांस त्यावरून वारा कोणीकडचा आहे तें कळे. त्या कागदावर किती मुलांनीं बाराखडी गिरविली असेल! तो कोठून आला, हें विचारण्याचें त्यांस कारण पडलें नाहीं. कोळसा गेला, दुसऱ्यांच्या भट्ट्या पेटल्या. सागवान गेलें, दुसऱ्यांच्या घरांस दारें झालीं. २०२३ सालीं अयोध्येच्या राममंदिरासाठीं गेलेलें सागवानही येथूनच रवाना झालें.

थट्टा पुरे. आमचीं मुलें शिक्षणासाठीं नागपूर, पुणें, हैदराबाद येथें जातात. जाण्यांत वाईट कांहीं नाहीं, राजाही गेला. परंतु तेथें कोणीं ‘गांव कोणतें?’ म्हणून पुसलें कीं त्यांपैकीं पुष्कळजण ‘चंद्रपूरजवळ’ असें उत्तर देतात, हें मात्र आमच्या जिव्हारीं लागतें. येथें मराठी, तेलुगू, हिंदी, गोंडी व मलयाळम बोलणारीं घरें शेजारधर्मानें राहतात. कित्येकांचे वाडवडील रेल्वेच्या, खाणीच्या अथवा गिरणीच्या कामास चार वर्षांसाठीं म्हणून आले, आणि येथल्याच मातीस मिळाले. गांव स्थापिलें राजानें. नांदतें ठेविलें तें या न गेलेल्या माणसांनीं. त्यांस मुहूर्त दाखविण्यास ससा आला नाहीं. सकाळचा भोंगा झाला कीं तीं कामावर गेलीं, एवढाच त्यांचा इतिहास.

नाझरेथविषयीं नथनेलानें जी शंका घेतली, ती आमच्या गांवाविषयींही घेतली जाते. शंका घेणाऱ्यांवर आमचा राग नाहीं. त्यांनीं गाडींतून उतरून पाहावें, इतकेंच म्हणणें आहे.

तरुण मित्रांनो, तुम्हांस कोणीं गांव पुसलें तर ताठ मानेनें ‘बल्लारपूर’ असें सांगा. ऐकणारा गोंधळलाच, तर चंद्रपूर आमच्यापासून १५ किलोमीटरांवर आहे, असें मागाहून सांगण्यास हरकत नाहीं.