नाव, गाव, तारीख



जुन्या वर्तमानपत्रांतून पूर्वजांचा शोध कसा घ्यायचा यावर बोला, असं मुख्याध्यापक सरांनी पत्रात लिहिलं होतं. पण इथं उभं राहिल्यावर आधी आठवतो तो आपल्या शाळेचा मधला चौक. प्रार्थना झाली की एकानं फळ्यावर बातमी लिहायची. बाई, तुम्ही मागून विचारायचात, "कुठली? कधीची?" उत्तर आलं नाही तर बातमी पुसायला लावायचात. तेच दोन प्रश्न घेऊन मी माझ्या पणजोबांच्या मागे लागले.

पणजोबा सर्कशीत घोडेस्वार होते. आपल्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली सर्कस काढली आणि सांगली-मिरजेकडची कितीतरी पोरं त्या वाटेनं घराबाहेर पडली. घरी पणजोबांच्या गोष्टी भरपूर, पण एकीलाही तारीख नाही. ती मिळाली वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत. तंबू कुठल्या मैदानावर, खुर्चीचा दर काय, शेवटचा खेळ कधी, सगळं त्यात असतं. त्यांची सर्कस बोटीनं सिंगापूरकडेही जायची, आणि सिंगापूरची जुनी वर्तमानपत्रं तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयानं इंटरनेटवर खुली ठेवली आहेत. एका गावचा शेवटचा खेळ सापडला की पुढच्या बंदराचा अंक उघडायचा, मधल्या दिवसांतला बोटींचा रकाना बघायचा. एवढीच पद्धत.

मालकाचं नाव छापून येई, खेळाडूचं क्वचितच. एका अंकात धावत्या घोड्यावर उभ्या राहिलेल्या पोराचं मनापासून कौतुक आहे. ते पणजोबाच, असं मन म्हणतं. पण बाई, पुरावा नाही, म्हणून मी तसं लिहिलेलं नाही.

पुण्याचे दामू धोत्रे वाघ-सिंहांना शिकवत अमेरिकेतल्या रिंगलिंग सर्कशीपर्यंत गेले. त्यांचं आत्मचरित्र आहे, म्हणून ते आपल्याला कळतात. बाकीच्यांचं काय?

म्हणून मुलांनो, लिहून ठेवा. नाव, गाव, तारीख. फोटोत आजीच्या शेजारी कोण उभं आहे, हे मोबाइल सांगत नाही, आजी सांगते. तिला या सुट्टीतच विचारा. परीक्षेनंतर बघू, असं म्हणू नका. नाव, गाव, तारीख!

शिपाई मामा, तुम्ही पुढं बसलात म्हणून विचारते, आपल्या हस्तलिखित वार्षिकांचे गठ्ठे अजून कपाटात आहेत ना? सरांची परवानगी असेल तर उद्या मी थांबते. नववीची मुलं सोबत द्या, आम्ही यादी करायला घेतो.